जुने स्टार्टर परत घेऊन पुन्हा विकायचे असतील, तर आधी काय ठरवावे

नमस्कार. उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टर आणि हलक्या मालवाहू गाड्यांचे स्टार्टर (इंजिन चालू करणारी मोटार, म्हणजे सेल्फ) व अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) बनवण्याचा तुमचा कारखाना आहे. काही वर्षे वापरून बिघडलेले स्टार्टर गावोगावचे रिवाइंडिंगवाले, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणारे कारागीर, दुरुस्त करून देतात, आणि तुमचे विक्रेते म्हणतात की हा जुना माल कारखान्यानेच परत घ्यावा, नीट करावा आणि वॉरंटीसह विकावा. मोठ्या कंपन्या हे कसे करतात, जुन्या नगाला किती पैसे द्यावेत, तयार नग कितीला विकावा आणि त्यामुळे नव्याची विक्री घटणार नाही का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

या चारही प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि तो तुम्ही विचारलेला नाही. जुना नग तुमच्या दारात येणार कसा, कोणत्या अवस्थेत आणि केव्हा? नव्या मालासाठी तांब्याची तार, ओतीव हाउसिंग (बाहेरचे कवच), बेअरिंग हे सगळे ऑर्डर दिली की ठरल्या प्रतीचे आणि हवे तेवढे मिळते. इथे मात्र तुमचा कच्चा माल म्हणजे कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसलेला, त्याच्या मालकीचा नग असतो आणि तो बिघडेपर्यंत मालक त्याला हात लावत नाही. या धंद्यात अशा परत आलेल्या नगाला कोअर म्हणतात. मी पुण्याच्या परिसरातील कारखान्यांत हे काम बरीच वर्षे केले आहे, आधी स्टार्टर-अल्टरनेटरचे आणि नंतर डिझेल इंजिनांच्या भागांचे. तयार नगाचा दर चुकला म्हणून बंद पडलेले उपक्रम मी थोडे पाहिले; कोअर पुरेसा आला नाही किंवा आला तो पोकळ आला म्हणून बंद पडलेले पुष्कळ पाहिले. त्यामुळे माझे उत्तर विक्रीपासून नव्हे, तर परतीपासून सुरू होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो. तुमचा माल मुख्यतः स्वतःच्या नावाने दुकानांतून विकला जातो की ट्रॅक्टर कंपनीला थेट पुरवला जातो, यावर बरेच ठरते. थेट पुरवठा असेल तर सुट्या भागांच्या बाजारात तुमच्या नावाने काय विकता येते आणि काय नाही, हे करारात लिहिलेले असू शकते. ते कलम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरे म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी विकलेल्या एकाच मॉडेलचे किती नग आज बाजारात चालू आहेत. तिसरे म्हणजे त्या मॉडेलची रचना उघडता येण्याजोगी आहे का. पुढे जे लिहितो आहे ते मी मुख्यतः स्वतःच्या नावाने विकणारा, मध्यम आकाराचा कारखाना गृहीत धरून लिहितो आहे.

आता मोठ्या कंपन्यांविषयी. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीचा पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-रुआ येथील कारखाना १९४९ पासून जुनी इंजिने आणि गिअरबॉक्स पुन्हा घडवत आला. अवजड यंत्रे बनवणाऱ्या कॅटरपिलरने हे काम १९७३ मध्ये सुरू केले. झेरॉक्स कंपनीच्या बाबतीत मोठी फोटोकॉपी यंत्रे बहुधा भाड्याने दिलेली असत. यंत्र कंपनीच्याच मालकीचे असल्यामुळे मुदत संपली की ते परत येणार हे ठरलेले असे आणि कोणत्या महिन्यात किती यंत्रे येतील याचा अंदाजही बांधता येत असे. कोडॅक आणि फुजीच्या एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यांत तर परतीची सोय वापरातच होती. फिल्म धुऊन घ्यायची म्हणजे ग्राहकाला अख्खा कॅमेरा फोटो लॅबमध्ये द्यावाच लागे, आणि लॅबमधून रिकामा कॅमेरा कंपनीकडे परत जाई. या सगळ्यांकडे यंत्रसामग्री आणि कारागिरी उत्तम होती यात शंका नाही, पण त्यांचे खरे कौशल्य परतीचा रस्ता आधी बांधण्यात होते. तुमच्या मालाला भाडेपट्टा लागू होणार नाही आणि लॅबही नाही. तुमच्यासाठी उरतो तो तिसरा मार्ग, म्हणजे अनामत घेऊन अदलाबदल.

या मार्गाची मांडणी साधी आहे. पुन्हा घडवलेल्या नगाची किंमत आणि त्यावर वेगळी अनामत, असे दोन आकडे बिलावर असतात. ग्राहकाने त्याच जातीचा जुना नग स्वीकारण्याजोग्या अवस्थेत परत दिला की अनामत त्याला मिळते. कॅटरपिलरची पद्धत याच तत्त्वावर चालते आणि अमेरिकेत स्टार्टर-अल्टरनेटरचा दुरुस्तीबाजार कित्येक दशके याच पद्धतीवर उभा आहे. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. बॅटरीच्या दुकानात जुनी बॅटरी दिली की नवीचा दर कमी होतो हे तुमच्या प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक आहे, फक्त तिथे जुनी बॅटरी शिसे काढण्यासाठी वितळवली जाते, पुन्हा विकली जात नाही. रेल्वेच्या आणि राज्य परिवहन महामंडळांच्या कार्यशाळांतही बिघडलेली असेंब्ली जमा करून नीट केलेली असेंब्ली देण्याची रीत जुनी आहे. तिथे मालक एकच असल्यामुळे अनामतीची गरज पडत नाही, एवढाच फरक.

अनामत किती ठेवावी याचे उत्तर तुमच्या कारखान्यात नाही, ते तालुक्याच्या बाजारपेठेत आहे. बिघडलेला स्टार्टर आज कोणी ना कोणी विकत घेतोच. भंगारवाला तांबे आणि लोखंडाच्या वजनाने पैसे देतो, रिवाइंडिंगवाला त्याहून थोडे अधिक देतो, कारण त्याला चांगले हाउसिंग आणि चांगला सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विद्युतचुंबकी स्विच) हवा असतो. समजा भंगारवाला ४५० रुपये देतो आणि रिवाइंडिंगवाला ७०० रुपये. मग अनामत ७०० पेक्षा स्पष्टपणे जास्त हवी, नाहीतर ग्राहक तुमचा तयार नग घेईल आणि जुना दुसरीकडे देऊन मोकळा होईल. मी १,१०० ते १,२०० रुपयांपासून सुरुवात केली असती. उलट अनामत फारच वाढवली तर दोन गोष्टी होतात. शेतकऱ्याला काउंटरवरचा एकूण आकडा नव्याच्या जवळ गेलेला दिसतो आणि तो बिचकतो. शिवाय नकली किंवा आतून रिकामे केलेले नग आणून देण्यात कोणाला तरी फायदा दिसू लागतो. तांब्याचा भाव वर गेला की हा आकडा पुन्हा तपासावा लागतो, कारण भंगाराचा दर तुमच्या सोयीने थांबत नाही.

विक्रेत्याचाही विचार करा. आज तो जुना नग परस्पर विकून चार पैसे मिळवतो, आणि तुम्ही त्याच्याकडून ते काढून घेणार आहात. म्हणून प्रत्येक स्वीकारलेल्या कोअरमागे त्याला ठरावीक हाताळणी-रक्कम द्यावी, आणि ती पुढच्या मालाच्या बिलात वळती न करता स्पष्ट दिसेल अशी द्यावी. दुकानाच्या मागे पावसात उघड्यावर पडलेला कोअर कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत शाफ्टपर्यंत गंजतो आणि मग त्याचा उपयोग फक्त वजनाला होतो. झाकण असलेला एक लोखंडी पिंजरा किंवा प्लास्टिकचा क्रेट प्रत्येक दुकानाला दिला तर तो खर्च वाचलेल्या आर्मेचरांतून (आर्मेचर म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग) निघतो.

स्वीकारण्याचे निकष काउंटरवरच्या मुलाला हत्याराशिवाय तपासता आले पाहिजेत. मी प्रतवारीचे पाच-पाच स्तर असलेले तक्ते पाहिले आहेत आणि ते कुठेच चालताना पाहिले नाहीत. दुकानदार भीडेखातर सगळेच नग पहिल्या प्रतीत घालतो. दोनच स्तर ठेवा, पूर्ण अनामत आणि अर्धी अनामत, आणि बाकी सगळे नाकारा. नग आपल्याच बनावटीचा आहे का, सगळे भाग जागेवर आहेत का, माउंटिंगचे कान तुटलेले किंवा वेल्डिंग केलेले आहेत का, शाफ्ट हाताने फिरतो का आणि जळका वास येतो का, एवढे पुरते. वासाची कसोटी हसण्यावारी नेऊ नका. बॅटरी कमजोर असताना चावी धरून ठेवली की आर्मेचर तापते, कॉम्युटेटरच्या (आर्मेचरवरच्या, ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागाच्या) जोडावरचे सोल्डर उडते आणि तो वास पुढे कित्येक दिवस जात नाही. निकषांचे रंगीत फोटो असलेला एक तक्ता दुकानात लावा. दहा ओळींच्या नियमांपेक्षा तुटलेल्या कानाचा एक फोटो जास्त काम करतो.

कोअर कारखान्यात आला की पुढचा प्रश्न असा, की तुम्ही नेमके काय करणार आहात. दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग बदलून तोच नग त्याच मालकाला देणे. रिकंडिशन म्हणजे नग साफ करून, घासलेले भाग बदलून चालता करणे. रिमॅन्युफॅक्चरिंग, ज्याला आपण शॉपमध्ये रिमॅन म्हणतो, त्यात नग पूर्ण सुटा होतो, त्याची ओळख पुसली जाते, भाग एकमेकांत मिसळतात आणि शेवटी जो नग उभा राहतो तो नव्याच्या चाचणीला उतरावा लागतो. यांतले कोणतेही काम हलके नाही, पण कारखान्याचे नाव लावून वॉरंटीसह विकायचे असेल तर तिसऱ्याशिवाय पर्याय नाही असे माझे मत आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही रिवाइंडिंगवाल्याच्या बरोबरीला उतरता, आणि त्याच्या खर्चात तुम्ही कधीच काम करू शकणार नाही.

कामाच्या क्रमात एकच आग्रह धरतो. नग नाकारायचा असेल तर त्याच्यावर पैसे खर्च होण्याआधी नाकारा. सुटे करणे, धुणे, तपासणी, भाग बदलणे, जुळवणी आणि चाचणी हा क्रम सर्वांनाच ठाऊक असतो. पण धुण्याआधीच मेगर (इन्शुलेशन तपासण्याचे मीटर) लावून आर्मेचर बॉडीला शॉर्ट आहे का हे पाहिले, तर निम्मी मेहनत वाचते. पुढे ग्रोलरवर (वेटोळ्यांतला शॉर्ट शोधणारे उपकरण) वेटोळ्यांची तपासणी होते. कॉम्युटेटर लेथवर घेताना त्याचा किमान व्यास पाळला जातो; त्याखाली गेलेले आर्मेचर कितीही देखणे दिसले तरी बाद. कार्बन ब्रश, बुश, ऑइल सील आणि बेअरिंग तपासायचेच नाहीत, सरसकट नवे टाकायचे. ड्राइव्ह, ज्याला गॅरेजमध्ये बेंडिक्स म्हणतात, त्याचा एकाच दिशेने पकड घेणारा क्लच बहुतेक वेळा नवाच घालावा लागतो. जुळवणीनंतर प्रत्येक नगाची बिनभाराची आणि लॉक टॉर्कची (शाफ्ट अडवून ताकद मोजण्याची) चाचणी घ्या, नमुन्याला चार नग घेऊन भागणार नाही. नव्या उत्पादनात एक नग दुसऱ्यासारखाच असतो म्हणून नमुना चालतो. इथे प्रत्येक नगाचा इतिहास वेगळा असतो.

परत आलेल्या स्टार्टरांत काही नग असे निघतील की त्यांच्यात काहीच बिघाड नाही. दोष बॅटरीच्या टर्मिनलचा किंवा अर्थिंगच्या केबलचा असतो आणि मेकॅनिकने सेल्फ बदलून मोकळे होणे पसंत केलेले असते. असे नग म्हणजे फुकट मिळालेला माल वाटतो, पण त्यांचीही पूर्ण प्रक्रिया करा. शिवाय त्यांची वेगळी नोंद ठेवा, कारण त्या नोंदीवरून कोणत्या भागातल्या मेकॅनिकांना प्रशिक्षण द्यायला हवे हे कळते. ज्या वाहनात दोष केबलचा आहे, तिथे तुमचा पुन्हा घडवलेला नगही पुन्हा परत येणार आणि वॉरंटीचा दावा तुमच्या माथी बसणार.

ही जागा नव्याच्या असेंब्ली लाइनपासून वेगळी ठेवा. तेल, ग्रीस आणि माती यांचा प्रश्न तर आहेच. त्याहून मोठा प्रश्न वेगाचा आहे. नव्या लाइनवर प्रत्येक नगाला ठरलेला वेळ लागतो, इथे एकाला दहा मिनिटे आणि दुसऱ्याला पाऊण तास लागतो. दोन्ही एकत्र चालवले की सुपरवायझर नेहमी नव्याला झुकते माप देतो आणि कोअरचा ढीग वाढत जातो. माणसेही वेगळी लागतात. नवे जोडणाऱ्यापेक्षा जुने पाहून ‘हे चालेल, हे नाही’ असे ठामपणे सांगणारा अनुभवी फिटर इथे सोन्याच्या मोलाचा असतो, आणि गंमत अशी की असा माणूस बहुधा कोणा रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानातच सापडतो.

आता हिशेब. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील. समजा नवा नग कर वगळून ७,००० रुपयांना विकला जातो आणि पुन्हा घडवलेला तुम्ही त्याच्या ६० टक्क्यांनी म्हणजे ४,२०० रुपयांना देता, अनामत वेगळी. विक्रेत्याचे २० टक्के म्हणजे ८४० रुपये वजा जाता तुमच्या हाती ३,३६० येतात. शंभर नग विकले आणि शंभरच्या शंभर जुने परत आले, तरी समजा १५ तपासणीत बाद झाले. म्हणजे ८५ नगच तयार होतील. पुढच्या शंभर ग्राहकांना द्यायला १५ नग कमी पडतात आणि ते तुम्हाला नवे घालूनच भरून काढावे लागतात. एका नगाचे भाग, मजुरी आणि चाचणी मिळून २,००० रुपये धरले तर ८५ नगांचे १,७०,००० होतात. कारखान्याचा नव्या नगाचा उत्पादनखर्च ४,००० धरला तर १५ नगांचे ६०,०००. दोन्ही बाजूंची वाहतूक आणि विक्रेत्याची हाताळणी नगामागे ३०० धरली तर ३०,०००. एकूण २,६०,०००, म्हणजे नगामागे २,६०० रुपये आणि वॉरंटीची तरतूद करण्याआधी ७६० रुपये शिल्लक. आता बाद होणारे नग १५ ऐवजी ३० झाले असे समजा. तोच खर्च २,९०,००० वर जातो आणि शिल्लक ७६० वरून ४६० वर येते. विक्रीचा दर, मजुरी, भागांच्या किमती यांतले काहीही न बदलता फक्त कोअरच्या अवस्थेने नफ्याचा मोठा हिस्सा गिळला. परतीपासून सुरुवात करा असे मी म्हणतो ते याचसाठी.

याच हिशेबातून सुरुवातीच्या काळाची अडचणही दिसते. पहिल्या दिवशी तुमच्याकडे एकही तयार नग नाही, आणि जुना नग तर तयार नग दिल्याशिवाय येणार नाही. म्हणून पहिली भरती नव्या नगांनीच करावी लागते. ते नव्याच्या दर्जाचे नग घडवलेल्याच्या दराने द्यावे लागतात आणि तो तोटा भांडवली खर्च म्हणून धरावा लागतो. उत्पादनाच्या आयुष्याच्या सुरुवातीला बाजारात बिघडलेले नग कमी असतात, म्हणून कोअर कमी पडतो. मधल्या काळात मागणी आणि परत येणारे नग जवळजवळ जुळतात. शेवटी वाहनेच भंगारात जाऊ लागली की कोअर उदंड होतो आणि घेणारा उरत नाही. या तिसऱ्या टप्प्यात अनामत वेळेवर कमी केली नाही, तर गोदाम अशा मालाने भरते की ज्याला गिऱ्हाईक नाही. मॉडेल निवडताना ते मधल्या टप्प्यात असेल असेच निवडा.

विक्रीच्या दराबद्दल बहुतेक उत्पादक नव्याच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुठेतरी थांबतात. रेनॉच्या बाबतीत नव्यापेक्षा ३० ते ५० टक्के स्वस्त असा पल्ला सांगितला जातो. तुमच्यासाठी खालची मर्यादा रिवाइंडिंगच्या खर्चाने ठरते. समजा गावात २,४०० रुपयांत काम होते. मग शेतकरी तुम्हाला ४,२०० का देईल? केवळ वॉरंटीसाठी देईल असे मला वाटत नाही. तो वेळेसाठी देईल. ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टर तीन दिवस उभा राहिला तर त्याच्या फेऱ्या बुडतात आणि चालकाचा पगार चालूच राहतो; खरिपाच्या मशागतीच्या दिवसांतही तसेच. अशा वेळी दुकानातून तयार नग उचलून तासाभरात बसवता येणे हाच तुमच्या मालाचा गुण आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या आधी आणि मेच्या आधी विक्रेत्याच्या फळीवर माल पोचला नाही, तर वर्षभराची मेहनत चुकीच्या महिन्यात विकायला निघाल्यासारखी होते.

नव्याची विक्री घटेल का, या तुमच्या भीतीत तथ्य आहे, पण ती सगळीकडे सारखी लागू होत नाही. ज्याचा ट्रॅक्टर सात-आठ वर्षांचा आहे तो नवा स्टार्टर घ्यायला बहुधा आलेलाच नसतो. तो रिवाइंडिंग की घडवलेला नग असा विचार करतो. तिथे तुम्ही नव्याचे गिऱ्हाईक गमावत नाही, रिवाइंडिंगवाल्याचे मिळवता. वाहनांचा ताफा बाळगणारे मोठे ग्राहक मात्र वेगळे असतात. त्यांचा खरेदी विभाग तांत्रिक चाचणीचे कागद पाहतो, दोन्ही नग एकाच दर्जाचे आहेत अशी खात्री पटली की स्वस्त तो घेतो आणि पुढच्या वर्षी नव्याचा दर पाडून मागतो. म्हणून पहिली काही वर्षे घडवलेला माल ताफ्यांना देऊ नये, दुकानांतूनच विकावा, असे मी सुचवीन. हे माझे मत आहे. इतर काही जाणकार नेमके उलट सांगतात, कारण ताफ्याकडून कोअर शिस्तीत परत येतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

याला दुसरी बाजूही आहे. तुम्ही जुना माल उचलला नाही तर तो बाजारात राहतो आणि तुमच्याच हाउसिंगवर, तुमच्याच नावपट्टीसह, दुसऱ्याचे निकृष्ट आर्मेचर घालून विकला जातो. काही उत्पादक तर मुख्यतः याच कारणासाठी जुना माल गोळा करतात. लेक्समार्क कंपनी प्रिंटरची टोनर काडतुसे सुमारे २० टक्के सवलतीत विकत असे, या अटीवर की ती एकदाच वापरावीत आणि रिकामी झाल्यावर फक्त कंपनीलाच परत द्यावीत. हेतू असा की स्वतंत्र भरणाऱ्यांच्या हाती ती पडू नयेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की वस्तू एकदा विकली की पेटंटचा हक्क संपतो, आणि अशा अटीच्या जोरावर पेटंटभंगाचा दावा करता येत नाही. तो कायदा आपला नव्हे, पण व्यवहाराची बाब इथेही तीच आहे. ग्राहकाने जुना नग तुम्हालाच द्यावा असे त्याला बांधून ठेवण्यापेक्षा तसे करणे त्याच्या फायद्याचे होईल अशी व्यवस्था टिकते.

वॉरंटी नव्याइतकीच द्यावी. निम्मी वॉरंटी देणे म्हणजे आपल्याच कामावर आपला विश्वास नाही असे बिलावर छापून देणे आहे. मात्र घडवलेल्या नगाला वेगळा पार्ट नंबर, वेगळा अनुक्रमांक आणि वेगळ्या रंगाची पट्टी हवी, आणि तो पुन्हा घडवलेला आहे हे खोक्यावर ठळक लिहिलेले हवे. ग्राहकाला अंधारात ठेवणे अयोग्य तर आहेच, शिवाय जुना अनुक्रमांक तसाच ठेवला तर एकाच नगावर दोन वॉरंटीचे दावे येतात.

कराच्या बाबतीत तुमच्या सनदी लेखापालांशी आधी बोला आणि तीन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा. जुना नग घेऊन किंमत कमी केली, तर जीएसटी कमी केलेल्या रकमेवर नव्हे, अदलाबदल नसताना जी किंमत झाली असती तिच्यावर लागतो. जीएसटीच्या नियम २७ मध्ये जुना फोन देऊन २०,००० रुपयांना घेतलेल्या नव्या फोनचे मूल्य २४,००० धरण्याचे उदाहरणच दिलेले आहे. परत करायची अनामत मात्र मोबदल्यात वळती होईपर्यंत मोबदला धरली जात नाही, म्हणून बिलाची रचना कशी करता याला महत्त्व आहे. आणि नियम ३२(५) मधली, फक्त नफ्याच्या फरकावर कर भरण्याची सवलत वापरलेल्या वस्तू तशाच किंवा वस्तूचे स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ प्रक्रियेनंतर विकणाऱ्यांसाठी आहे. पूर्ण सुटा करून नवे भाग घातलेला नग त्यात बसेल असे धरून चालू नका.

एक फाटा इथे जोडतो, कारण तुम्ही पुढेमागे पंपाच्या मोटारीही घेण्याचा विचार करत आहात असे लिहिले आहे. स्टार्टर काही सेकंदच चालतो, त्यामुळे जुन्या रचनेचा स्टार्टर पुन्हा घडवला तरी इंधनात काही फरक पडत नाही. पंपाची मोटार हंगामात रोज तासन्‌तास चालते. कमी कार्यक्षमतेची जुनी मोटार नीट करून विकली तर ग्राहक खरेदीत वाचवलेले पैसे वीजबिलात घालवतो. तिथे रिमॅनपेक्षा जुनी मोटार भंगारात काढून चांगल्या कार्यक्षमतेची नवी देणे जास्त प्रामाणिक ठरू शकते.

उद्यापासून काय करावे असे विचाराल तर एवढेच. सगळी मॉडेले घेऊ नका, तुमच्या ट्रॅक्टरच्या स्टार्टरांपैकी सर्वांत जास्त खपलेले एकच घ्या, आणि ज्यात सोलेनॉइडचे झाकण दाबून बंद केलेले आहे किंवा चुंबक चिकटवलेले आहेत ते मॉडेल टाळा, कारण ते उघडताना चांगला भागही मोडतो. पुढच्या मॉडेलच्या आरेखनात तिथे स्क्रू घालता येतात का हे डिझाइनवाल्यांना आत्ताच विचारून ठेवा. एका जिल्ह्यातले मोजके विश्वासू विक्रेते निवडा. विक्री सुरू करण्याआधी त्यांच्याकडून दोनशेक जुने नग रोख पैसे देऊन गोळा करा आणि ते सगळे उघडा. त्यांतल्या किती नगांचे आर्मेचर, किती हाउसिंग आणि किती सोलेनॉइड पुन्हा वापरता येण्याजोगे निघतात याची भागवार नोंद करा. तुम्ही दराबद्दल जो नेमका आकडा मागितला आहे तो त्या नोंदीशिवाय मी किंवा आणखी कोणी दिला तर तो अंदाजच असेल. नोंद झाली की ती इथे टाका, म्हणजे अनामत आणि विक्रीचा दर यांवर आकड्यांनिशी बोलता येईल.